घरातल्या एकुलत्या एका गाडीसाठी थार, रॉक्स की जिमनी? आधी मागच्या सीटवर बसून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात पाच माणसं: तुम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि सत्तरीला टेकलेले आई-बाबा. राहायला वाकडला, ऑफिस हिंजवडीत. गाव भोरच्या पुढे, नीरा-देवघर धरणाच्या अंगाला. महिन्यातून एक-दोन वेळा जाणं होतं आणि पावसाळ्यात शेवटचा दीडेक किलोमीटर रस्ता नुसता लाल चिखल असतो. गाडी एकच परवडणार आहे, तुमचं मन थारवर बसलंय आणि घरच्यांच्या मनात शंका आहे. अशी गाडी रोजच्या वापराला चालेल का, आणि चालणार असेल तर कोणती घ्यावी?

उत्तर आधी सांगतो. महिंद्राची तीन दारांची थार तुमच्या घराला चालणार नाही. तिचंच पाच दारांचं रूप असलेली रॉक्स चालेल, पण ती घेण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या. मारुतीची जिमनी गाडी म्हणून मला फार आवडते, पण ती चार माणसांची आहे आणि तुम्ही पाच जण आहात. फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी, घ्यावी की नाही, हे त्या शेवटच्या दीड किलोमीटरवर ठरेल. बाकी सगळा रस्ता कुठलीही गाडी जाऊ शकते असाच आहे.

माझं पिरंगुटजवळ फोर-बाय-फोर गाड्यांचं वर्कशॉप आहे. गाड्या दुरुस्त करतो आणि त्या कच्च्या वाटेवर कशा चालवायच्या हेही शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये जंगलात अडकून मोडलेल्या थोड्याच असतात. बऱ्याच गाड्या वर्षा-दीड वर्षात विकायला निघालेल्या असतात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: घरातली माणसं त्या गाडीत बसायला तयार नसतात. चालवणारा खूश असतो, मागे बसणारा नसतो. म्हणून अशी गाडी घ्यायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगतो की टेस्ट ड्राइव्हचा अर्धा वेळ मागच्या सीटवर काढा.

तीन दारांच्या थारमध्ये मागे कसं जावं लागतं ते पाहा. पुढची सीट पाठीमागून उचलून पुढे कलंडवायची, तयार झालेल्या फटीतून एक पाय आत टाकायचा, कंबरेत वाकून डोकं खाली घालायचं आणि अंग वळवत मागे बसायचं. तरुण माणसाला यात काही वाटत नाही. तुमच्या आईंना नऊवारी काय, पाचवारीतही हे जमणार नाही. एका हाताने निऱ्या धरायच्या, दुसऱ्या हाताने सीटचा आधार घ्यायचा, आणि पाय ठेवायची जागा तर दिसतच नाही. उतरताना हेच उलट, आणि पाठीमागे पीएमपीची बस हॉर्न वाजवत असते. मागे आईंऐवजी मुलगी बसली तरी तिचा पट्टा लावायला, उलटी झाली तर पुसायला, झोपली तर उचलून घ्यायला दरवेळी पुढचा माणूस खाली उतरवावा लागतो. सामानाची गोष्ट वेगळीच. मागची सीट उभी असेल तर एक मोठी बॅग आडवी राहणार नाही. त्यात ही गाडी चार जणांची आहे, म्हणजे तुमच्याकडे पाचवा माणूस कुठे बसणार हा प्रश्न उरतोच.

दुसरी अडचण दिसत नाही, ती जाणवते. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,४५० मिमी आहे. त्यामुळे मागची सीट जवळजवळ मागच्या ॲक्सलवर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरच येते. हा ॲक्सल एकसंध आहे. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा ॲक्सल कलतो, बॉडी बाजूला झुकते आणि वर बसलेल्या माणसाची मान डावी-उजवीकडे फेकली जाते. हिंजवडीच्या खड्ड्यांत आणि स्पीडब्रेकरवर हे दिवसातून कितीतरी वेळा होतं. ज्यांना मानेचा त्रास आहे, त्यांना तासाभरात डोकं धरून बसावं लागतं. घाटात लहान मुलांना उलट्या होतात त्याला ही हालचालही कारणीभूत असते. निव्वळ वळणांना दोष देऊन चालत नाही.

रॉक्सचा व्हीलबेस २,८५० मिमी आहे. हे चाळीस सेंटिमीटर फार मोलाचे आहेत, कारण त्यामुळे मागची सीट ॲक्सलच्या पुढे सरकली. गाडी तरीही लॅडर फ्रेमची, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेली आहे. क्रेटा किंवा एक्सयूव्ही ७०० मधून उतरून यात बसाल तर फरक लगेच कळेल, विशेषतः कमी वेगात छोटे खड्डे आले की. पण हे सहन करण्याच्या मर्यादेत आहे. एक सोपी गोष्ट करून पाहा: नव्या गाडीत टायरमधली हवा बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त असते, कारण कारखान्यातून येताना ती जास्त भरलेली असते आणि डिलिव्हरी देताना कमी करायची राहून जाते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरच्या आकड्याएवढी हवा ठेवा. "गाडी फार आदळते" अशी तक्रार घेऊन आलेल्या निम्म्या लोकांचं समाधान एवढ्यानेच होतं.

रॉक्समध्ये चढणं-उतरणं तुमच्या आई-बाबांकडून स्वतः करून बघून घ्या. जमिनीपासून सीट उंच आहे. पायरी आणि दाराच्या खांबावरचं हँडल, दोन्ही हवीत. आधी हँडल धरायचं, मग पायरीवर पाय, मग सीटवर बसायचं आणि शेवटी दुसरा पाय आत घ्यायचा. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की त्रास होत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर तिथेच शोरूममध्ये चार-पाच वेळा चढ-उतार करायला सांगा. तोंडदेखलं "जमतंय की" म्हणतील, पण तिसऱ्या वेळेला चेहऱ्यावर दिसतं. आणखी एक बारीकशी गोष्ट: रॉक्सच्या मागच्या दाराचं बाहेरचं हँडल खिडकीच्या मागे वर, उभं बसवलेलं आहे. सात वर्षांच्या मुलीचा हात तिथे सहज पोचत नाही, म्हणून दार मोठ्यांनाच उघडून द्यावं लागेल. मला यात तोटा दिसत नाही, रस्त्याच्या बाजूचं दार तिने स्वतः उघडूच नये.

आतल्या रंगाबद्दलही सांगतो, कारण लोक नंतर पस्तावतात. रॉक्स २०२४ च्या ऑगस्टमध्ये आली तेव्हा आतली सजावट पांढरट होती. नंतर फोर-बाय-फोरमध्ये गडद तपकिरी रंगाचा पर्याय मिळाला. लाल मातीचं गाव आणि शाळकरी मूल घरात असताना पांढऱ्या सीट घेऊ नका. लाल मातीचा डाग शिवणीत शिरला की जात नाही.

जिमनीबद्दल दोन शब्द, कारण तुमच्यासारख्याच प्रश्नात माणसं चार असती तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन, साधारण १०५ पीएस, वजन १,२०० किलोच्या आसपास, पुढे-मागे दोन्हीकडे एकसंध ॲक्सल. ताकद कमी आहे आणि घाटात भरलेली गाडी ओव्हरटेक करताना ते जाणवतं. पण हलकी आणि अरुंद असल्यामुळे चिखलात ती जिथे तरंगत निघून जाते तिथे दोन टनांची गाडी रुतून बसते. पेठांमधल्या बोळात फिरवायला हिच्याइतकी सोयीची दुसरी फोर-बाय-फोर मला माहीत नाही. सामानाची जागा मात्र २०८ लिटर, म्हणजे चौघांच्या दोन दिवसांच्या पिशव्यांपुरती. नवरा-बायको आणि एक-दोन मुलं असतील तर बिनधास्त घ्या. पाचव्या माणसाला दोन सीटच्या मध्ये बसवायचा विचारही करू नका, तिथे ना सीट आहे ना पट्टा.

फोर्स कंपनीच्या गुरखाचं पाच दारांचं मॉडेल २०२४ मध्ये आलं. सात माणसं बसतात, पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला) वेगवेगळे लॉक आहेत, इंजिनाला हवा घेणारा स्नॉर्कल कंपनीतूनच बसवलेला येतो. रानात ही गाडी माझ्या सगळ्यात जास्त विश्वासाची आहे. पण रोज हिंजवडीला जायला ती नको. उंची दोन मीटरच्या वर आहे, वळायला जागा जास्त लागते, आणि शहरात जी सफाई आपण आजकाल गृहीत धरतो ती तिच्यात नाही. दुसरी छोटी गाडी घरात असेल तर गुरखासारखी गाडी नाही. तुमच्याकडे दुसरी गाडी नाही.

उंचीचा विषय निघालाच आहे तर पार्किंगचं सांगतो, कारण बुकिंग झाल्यावर फार कमी लोकांना हे आठवतं. वाकड, बाणेर, रावेत या भागातल्या नव्या सोसायट्यांमध्ये एकावर एक गाड्या चढवणारं यांत्रिक पार्किंग असतं. त्यातल्या बऱ्याच जागा सेडानच्या उंचीच्या असतात, आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मला वजनाची मर्यादा असते. रॉक्सची उंची १,९२३ मिमी आहे. तुमच्या वाट्याच्या जागेची उंची आणि वजनाची मर्यादा आधी टेपने मोजून, पाटीवर वाचून घ्या. मग बुकिंगचे पैसे भरा. वर कॅरिअर लावायचा असेल तर त्याचीही उंची धरा.

आता इंजिन. रॉक्समध्ये फोर-बाय-फोर हवी तर डिझेलच घ्यावं लागतं, पेट्रोलला मागच्या चाकांवर चालणारी गाडीच मिळते. वाकड ते हिंजवडी हे अंतर फार थोडं, आणि त्यात ट्रॅफिक. बीएस-६ डिझेलला याचाच त्रास होतो. धुरातली काजळी धरून ठेवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. गाडी पुरेशी तापून काही वेळ सलग धावली की तो ती काजळी जाळतो. रोज नुसतं सहा-सात किलोमीटर रांगत गेलात तर त्याला तशी संधीच मिळत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते आणि प्रकरण वर्कशॉपपर्यंत येतं. उपाय सोपा आहे: आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं हायवेला एकसारख्या वेगाने चालवायची. तुम्ही गावाला जाता तेव्हा कात्रजच्या बोगद्यापासून कापूरहोळपर्यंतचा रस्ता हे काम आपोआप करतो. पण ज्या आठवड्यांत जाणार नाही, त्या आठवड्यांत मुद्दाम चक्कर मारावी लागेल. दिवा लागला तर इंजिन बंद करू नका, हायवे गाठा. खर्चाचा अंदाज म्हणाल तर शहरात डिझेल ऑटोमॅटिक लिटरमागे दहाच्या आसपास देते असं धरून चाला. ब्रोशरमधला आकडा बघून हिशेब मांडू नका.

किमतीतल्या तफावतीचंही एक कारण माहीत असावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या गाड्यांपैकी १,२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतचं डिझेल यांना १८ टक्के, बाकीच्यांना ४० टक्के. त्यामुळे तीन दारांची थार १.५ डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी, ही १८ टक्क्यांत बसते आणि तिचीच फोर-बाय-फोर बहीण ४० टक्क्यांत. स्वस्त दिसणारी थार बहुतेक वेळा फोर-बाय-फोर नसते, हे विचारून घ्या. नंतर चिखलात लक्षात आलेलं मी पाहिलंय.

म्हणजे फोर-बाय-फोर खरंच लागते का? तुमच्या दीड किलोमीटरबद्दल मी तीन गोष्टी विचारीन. चढ आहे का, वळणावर चढ आहे का, आणि ट्रॅक्टर जाऊन मधोमध किती उंच वरंबा उभा राहिलाय. सपाट कच्चा रस्ता असेल तर उंच गाडी आणि बऱ्या नक्षीचे टायर पुरतात, चारही चाकं ओढायची गरज नसते. ओला चढ असेल, विशेषतः वळणावर, तर मागच्या चाकांवर चालणारी गाडी मागून घसरते. तिथे फोर-बाय-फोरचा फरक स्पष्ट दिसतो. मातीही बघावी लागते. भोरकडची लाल माती पाणी वाहून जाऊ देते, खाली मुरूम लागतो, टायरला पकड मिळते. सोलापूर-मराठवाड्याकडची काळी माती ओली झाली की टायरच्या नक्षीत चिकटून बसते, टायर गुळगुळीत होतो, मग चारही चाकं फिरली तरी गाडी जागेवरच. म्हणून टायरची निवड फोर-बाय-फोरच्या बटणाइतकीच महत्त्वाची आहे. तुमच्यासाठी ऑल टेरेन, म्हणजे एटी टायर योग्य. मोठमोठ्या गुठळ्यांचे एमटी टायर बसवू नका. डांबरावर ते घोंघावतात, मायलेज खातात, आणि ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर घसरतात. तुमचा बहुतांश प्रवास डांबरावर आणि काँक्रीटवरच होणार आहे.

फोर-बाय-फोर घेतलीत तर ती वापरायची कशी हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आलं पाहिजे. वहिनी चालवत असतील तर त्यांनाही. मुख्य नियम एकच: कोरड्या डांबरावर फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडून नेहमीच्या गिअरमध्ये, चालवायचं नाही. थार, रॉक्स, जिमनी, गुरखा या सगळ्या पार्ट-टाइम फोर-बाय-फोर आहेत. फोर-एच टाकलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी बांधला जातो. वळताना पुढची चाकं मोठ्या घेरातून जातात, मागची छोट्या. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसच्या गिअरवर आणि ती ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळत वळते. पार्किंगमध्ये ‘कटकट’ आवाज येतो म्हणून आणलेल्या गाड्यांत काही वेळा फक्त फोर-एच चालू राहिलेलं असतं. फोर-एल म्हणजे मंद गिअर, तो गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये टाकून लावायचा. त्याचा खरा उपयोग चढण्यापेक्षा उतरताना आहे. ओल्या उताराला फोर-एल, पहिला गिअर, आणि ब्रेकवरचा पाय पूर्ण काढायचा. गाडी इंजिनाच्या धाकाने हळूहळू उतरते. ब्रेक दाबलात तर चाक थांबेल, पण गाडी सरकत जाईल. पाय ब्रेकवरून काढणं हे शिकणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं, म्हणून आधी कोरड्या उतारावर सराव करा.

महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर-एचमध्ये चालवा. आत तेल फिरतं, जोडणी जाम होत नाही. सहा महिने हात न लावलेली फोर-बाय-फोर नेमकी गरजेच्या वेळी लागत नाही.

आता पाण्याबद्दल, आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण ही गाडी घेतल्यावर माणसाला नको तितका धीर येतो. रॉक्स आणि थार दोन्हींसाठी कंपनी ६५० मिमी पाणी सांगते, म्हणजे दोन फुटांहून थोडं जास्त. हा आकडा साचलेल्या, स्थिर पाण्याचा आणि चालण्याच्या वेगाने जाण्याचा आहे. वाहत्या पाण्याचा नाही. फूटभर वाहतं पाणी छोट्या गाडीला उचलतं आणि दोन फूट वाहतं पाणी मोठ्या एसयूव्हीला ढकलत नेतं. टायर मोठे आणि बॉडी मोठी, म्हणजे पाण्याला ढकलायलाही जास्त जागा मिळते. पुलावरून पाणी चाललं असेल तर थांबायचं. पाण्याखाली पूल शिल्लक आहे की नाही हे वरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी बससह गाड्या पाण्यात गेल्या. त्या बस काही कमी वजनाच्या नव्हत्या. तुमच्या गावापुढचा वरंध घाटही पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवण्याचे आदेश निघतात. "आपली फोर-बाय-फोर आहे" म्हणून बॅरिकेड बाजूला सारू नका. वरून येणारी दरड गाडीचा प्रकार बघत नाही. मुलगी आणि आई-बाबा मागे बसलेले असताना हा निर्णय तुमच्या एकट्याचा राहत नाही.

साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर आधी कोणीतरी काठी घेऊन चालत जाऊन खोली बघायची. गाडी पहिल्या गिअरमध्ये एकसारखी न्यायची, मध्येच थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी स्टार्टर मारून झालेलं नुकसान साधी विमा पॉलिसी बहुधा देत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन दरवर्षी घ्या. बाहेर आल्यावर हलके ब्रेक दाबत काही अंतर चाला, म्हणजे ब्रेक कोरडे होतात.

दोन फुटांच्या पाण्यातून गेलेल्या गाडीचं डिफरन्शियलचं तेल नक्की तपासायला सांगा. गरम झालेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे हवा जायची बारीक नळी, चिखलाने बुजलेली असेल तर ॲक्सल सीलमधून पाणी ओढून घेतो. तेल काढलं की ते चहात दूध टाकल्यासारखं दिसतं. तसं दिसलं तर त्याच दिवशी बदलायचं. दोन-तीन महिने तसंच राहिलं तर बेअरिंग आणि गिअर दोन्ही जातात. बाकी देखभालीत घाबरण्यासारखं काही नाही. गावाहून आलात की त्याच दिवशी खालून प्रेशरने धुऊन घ्या, विशेषतः फ्रेमच्या आतल्या बाजू आणि ब्रेकच्या मागे अडकलेला चिखल. वाळलेला चिखल ओलावा धरून ठेवतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. प्रोपेलर शाफ्टला ग्रीस भरायचे निपल असतील तर दर सर्व्हिसला ग्रीस झालंय ना हे स्वतः बघा. टायरची अदलाबदल करताना स्टेपनी त्याच मापाची असेल तर तीही फिरवात घ्या. सगळे टायर सारखे झिजले पाहिजेत, फोर-बाय-फोरला चाकांच्या घेरातला फरक मानवत नाही. या मापाचे चार टायर बदलायला पन्नास हजारांच्या पुढे खर्च येतो, तो आतापासून हिशेबात धरा.

सुरक्षिततेबाबत रॉक्सला २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या टक्कर-चाचणीत पाच तारे मिळाले, तीन दारांच्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये चार. ही चांगली गोष्ट आहे. पण तारे टक्कर झाल्यानंतरचे. उंच गाडी वेगात झटक्याने वळवली की सेडानपेक्षा लवकर तोल सोडते, म्हणून एक्सप्रेसवेला शंभरची आणि घाटात साठची मर्यादा पाळा. मागच्या सीटवरही सगळ्यांनी पट्टा लावायचा, आईंनीसुद्धा. मुलीसाठी तिच्या उंचीप्रमाणे बूस्टर सीट घ्या, तिच्या वयात गाडीचा पट्टा खांद्याऐवजी गळ्यावर येतो.

पहिलं एक वर्ष गाडीत काहीही बदल करू नका. पुढे लोखंडी गार्ड तर कधीच नाही. तो एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात आड येतो, समोरच्या पादचाऱ्याला जास्त इजा करतो, आणि केंद्र सरकारने २०१७ मध्येच असे गार्ड काढायला सांगितलेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. लिफ्ट किट लावून उंच केलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच बघते. त्या पैशांत हवा भरायचा चांगला कॉम्प्रेसर, कायनेटिक दोर (अडकलेली गाडी ओढायचा ताणला जाणारा दोर) आणि तो अडकवायच्या दोन शॅकल कड्या घ्या. दोर नेहमी टो हुकला लावायचा. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, लावून ओढला तर बॉल तुटून गोळीसारखा येतो, त्यात माणसं दगावली आहेत. ओढताना मुलांना दोराच्या दुप्पट लांबीच्या पलीकडे उभं करा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. फोर-बाय-फोर आली म्हणून मोकळी दिसेल ती जमीन आपली होत नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर कातळावर बोटभर मातीचा थर असतो, त्यावर पावसाळ्यात जी फुलं येतात ती त्याच थरावर जगतात. एकदा टायर गेला की तिथे वर्षानुवर्षं काही उगवत नाही. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर पोलीस कारवाई करतात, आणि केली पाहिजे. ओल्या वाळूत भरतीच्या वेळी रुतलेली गाडी वाचली तरी खारं पाणी तिच्या वायरिंगमध्ये आणि फ्रेममध्ये शिरतं, ते पुढची दोन-तीन वर्षं बाहेर येत राहतं. गावातही बांधावरून गाडी नेऊ नका, ज्याच्या शेताचा बांध आहे त्याला विचारा. चालवायची हौस असेल तर खासगी जागेत, परवानगीने चालणारे ट्रॅक पुण्याच्या आसपास आहेत, तिथे या. मुलीलाही आणा.

जुनी गाडी घ्यायचा विचार असेल तर खरेदीआधी लिफ्टवर चढवून खालून बघा. डिफरन्शियलच्या पोटावर दगडाचे ओरखडे, वाकलेलं लोअर आर्म, फ्रेमवर ताजा काळा रंग, कार्पेटखाली सुकलेली बारीक माती, यांपैकी दोन गोष्टी दिसल्या तर परत फिरा. फोर-एल टाकून दाखवायला सांगा. "कधी वापरलंच नाही" हे उत्तर मला पसंत नाही.

आणि वहिनींची सूचना, म्हणजे साधी कार घ्यायची आणि पावसाळ्यात ती डांबरी रस्ता संपतो तिथे लावून पुढे गावातल्या कोणाच्या जीपने जायचं, ही चांगली सूचना आहे. तुमचं जाणं जून ते सप्टेंबरमध्ये दोन-चार वेळाच होत असेल तर तेच करा, दोघांचेही लाखो रुपये वाचतील. पण बाबांना मध्येच दवाखान्यात न्यायची वेळ येत असेल, किंवा पुढे ते दोघं गावालाच राहायचं म्हणत असतील, तर रॉक्स फोर-बाय-फोर डिझेल ऑटोमॅटिक घ्या. त्यासाठी शोरूमला सांगा की टेस्ट ड्राइव्ह शनिवारी पाहिजे आणि घरची पाचही माणसं येणार आहेत. जाताना तुम्ही मागे मधल्या जागी बसा, आईंना खिडकीशी बसवा आणि गाडी वाकडच्या पुलाखालच्या खड्ड्यांतून न्यायला लावा.